साहेबाची काठी

वर्षभर या पानावर आपण घरातल्या वस्तूंच्या गप्पा मारतो. पाटावरवंटा झाला, शिवणाचे यंत्र झाले, घडीची छत्रीसुद्धा झाली. दिवाळीला संपादक उदार होऊन चार रकाने जास्त देतात, म्हणून यंदा जरा लांब, थेट स्कॉटलंडपर्यंत जाऊन येण्याचा बेत आहे. मात्र निघायचे आहे आमच्या गिरगावातल्या चाळीच्या मागच्या खोलीतूनच. कारण ज्या वस्तूची ही गोष्ट, ती त्या खोलीच्या कोपऱ्यात जवळजवळ शंभर वर्षे उभी होती.

आमच्या घरी तिला ‘साहेबाची काठी’ म्हणत. तीन फुटांहून थोडी अधिक लांब, तपकिरी लाकडाची, वरच्या टोकाला चामड्याची पट्टी गुंडाळलेली आणि खालच्या टोकाला लोखंडाचे एक चपटे, वाकडे पाते. पात्याच्या मागच्या बाजूला चिलमीसारखी एक बारीक खूण. आम्हां मुलांची समजूत अशी की, साहेब चिलीम ओढीत असणार! आजोबा एका इंग्रज कंपनीत हेडक्लार्क होते. १९३० सालच्या दिवाळीत साहेबाने त्यांच्या कामावर खूश होऊन ही काठी त्यांना बक्षीस दिली, ही कथा आमच्या घरात सत्यनारायणाच्या कथेइतक्याच भक्तिभावाने सांगितली जाई. एवढ्या मानाच्या वस्तूचे काम काय होते म्हणाल, तर छताजवळच्या दांडीवर लुगडी वाळत घालणे आणि ती खाली काढणे. त्या वाकड्या पात्यात लुगड्याचा काठ असा काही अडकायचा, की जणू विलायतेतल्या लोहाराने ते पाते त्याचसाठी घडवले असावे.

गेल्या दिवाळीत चाळ रिकामी करण्याची नोटीस हातात पडली. चाळ पडणार, टॉवर होणार. घरात आवराआवर सुरू झाली आणि सौभाग्यवतीने टाकायच्या वस्तूंचा जो ढीग रचला, त्याच्या अगदी वर ही काठी! मी म्हटले, “अगं, आजोबांचा मान आहे तो.” ती म्हणाली, “मानाला नव्या घरात जागा कुठं आहे? तिथं दांडीसुद्धा नाही.” हा वाद रंगात आलेला असतानाच माझा भाचा दारात उभा. तो एडिंबरोला नोकरीला असतो आणि दिवाळीला आजीला भेटायला आला होता. त्याने ढिगावरून काठी उचलली, उजेडात धरून फिरवून पाहिली, ती चिलमीची खूण पाहिली आणि मटकन खालीच बसला.

“मामा, ही हिकरीची मॅशी आहे! आणि ही खूण टॉम स्टूअर्टची. सेंट अँड्र्यूजचा लोहार. बॉबी जोन्सच्या पिशवीतसुद्धा याच्या काठ्या होत्या!”

आम्हां उभयतांना यातले एक अक्षर कळले नाही. पण ढिगाची उंची एका काठीने कमी झाली, एवढे खरे.

विमानात बसणाऱ्याच्या हाती असली काठी देत नाहीत. तेव्हा ती जुन्या धोतरात गुंडाळून, सामानाच्या पोटात बसून एडिंबरोला गेली. पुढे मे महिन्यात भाच्याच्या आग्रहावरून मीही गेलो. इथून पुढे जे सांगतो ते तिथे पाहिलेले, ऐकलेले आणि थोडे वाचलेले.

गोल्फ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. मैदानात दूरदूर अंतरावर सव्वाचार इंच रुंदीची भोके असतात. चेंडू काठीने टोलवत त्या भोकात घालायचा. ज्याला कमीत कमी टोले लागतील तो जिंकला. प्रतिस्पर्धी तुमच्या चेंडूला हातसुद्धा लावत नाही. त्यामुळे हरल्यावर दोष द्यायला स्वतःखेरीज कोणी सापडत नाही, हेच या खेळाचे मोठे दुःख आहे.

आज या खेळातल्या काठ्यांचे दांडे पोलादाचे किंवा कार्बनच्या धाग्यांचे असतात. परंतु साधारण १९३०पर्यंत ते लाकडाचे असत आणि ते लाकूड म्हणजे हिकरी. हे झाड अमेरिकेतले, आपल्या अक्रोडाच्या कुळातले. लाकूड असे चिवट की कुऱ्हाडीचे, हातोड्याचे दांडे त्याचेच करतात. वाकते, पण मोडायला सहजासहजी तयार होत नाही. स्कॉटलंडमधले कारागीर आधी अ‍ॅशचे आणि हेझलचे लाकूड वापरत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेहून जहाजांतून हिकरी येऊ लागली आणि तिने बाकीच्यांना हुसकावून लावले. म्हणजे पाहा, खेळ स्कॉटलंडचा, लाकूड अमेरिकेचे. आणि १८४८च्या सुमारास चेंडू निघाला तो मलायातल्या झाडाच्या गटापर्चा नावाच्या चिकाचा! त्याच्या आधीचा चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरलेला असे. तो पावसात भिजला की फुटायचा आणि त्याची किंमतही सामान्य माणसाला परवडत नसे. चिकाचा चेंडू स्वस्त आला, तेव्हा कुठे हा खेळ चार माणसांच्या आवाक्यात आला.

त्या काळी काठ्यांना आजच्यासारखे नंबर नव्हते. त्यांना नावे होती. ड्रायव्हर, ब्रॅसी, स्पून, क्लीक, मॅशी, निब्लिक! ब्रॅसीच्या तळाला पितळेची पट्टी, म्हणून ती ब्रॅसी. स्पून म्हणजे आपला चमचा. तिचे तोंड किंचित खोलगट. आमची मॅशी म्हणजे आजच्या पाच नंबरच्या काठीची आजी. नंबर आले ते पोलादी दांडे आल्यावर. कारखान्यातून एकसारख्या काठ्यांचे संच निघू लागले, तेव्हा नावे गळाली आणि आकडे चिकटले. चाळीतल्या बिऱ्हाडांची नावे जाऊन टॉवरमध्ये फ्लॅटचे नंबर येतात, तसाच हा प्रकार.

लाकडाच्या काठ्यांचे तसे नव्हते. झाडाची दोन लाकडे कधी सारखी निघत नाहीत. एक ताठ, एक लवचीक. एक जड, एक हलकी. खेळाडू दुकानात जाऊन एकेक काठी हातात घेई, झुलवून पाही आणि मनाला पटली तरच घेई. चांगला संच जमायला वर्षे लागत. बॉबी जोन्स हा अमेरिकेतला हौशी खेळाडू. व्यवसायाने वकील, खेळाचा एक पैसा घेत नसे. १९३० साली त्याने ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या खुल्या आणि हौशी अशा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. सगळ्या लाकडी दांड्यांनी! आणि वयाच्या २८व्या वर्षी मोठ्या स्पर्धांतून निवृत्त झाला. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. पुढे त्याच्या काठ्या यंत्रावर तपासल्या, तेव्हा साऱ्यांची लवचीकता एकमेकींशी जुळली. जुळली नाही ती फक्त एक, मॅशी-निब्लिक. आणि जोन्स म्हणाला, याच काठीने मला जन्मभर त्रास दिला! यंत्राला जे नंतर कळले, ते त्याच्या मनगटाला आधीच कळले होते.

त्याच्याही आधीची १९१३ सालची गोष्ट मला अधिक आवडली. अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत इंग्लंडचे दोन नामवंत खेळाडू, हॅरी वॉर्डन आणि टेड रे, उतरले होते. वॉर्डनने तोवर ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकली होती. त्यांच्यासमोर कोण, तर फ्रान्सिस वीमेट नावाचा २० वर्षांचा पोरगा! मैदानाच्या समोरच राहणारा, लहानपणी त्याच मैदानावर पैशासाठी दुसऱ्यांच्या काठ्या वाहिलेला. त्याची पिशवी वाहायला एडी लोअरी हा १० वर्षांचा मुलगा. तिघांची बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा १८ भोकांचा डाव मांडला गेला आणि वीमेटने तो ७२ टोल्यांत संपवला. वॉर्डनला ७७ लागले, रेला ७८. ज्या वयात आपली मुले कॉलेजच्या परीक्षेला बसतात, त्या वयात या मुलाने हिकरीच्या काठ्यांनी दोन दिग्गजांना घरी पाठवले.

मग हे लाकूड गेले कसे? पोलादी दांडे अमेरिकेत १९२४ साली रीतसर मान्य झाले. सेंट अँड्र्यूजचे कर्ते लोक मात्र अडून बसले होते. १९२९ साली त्यांनीही मान तुकवली. सांगतात असे की, इंग्लंडचे युवराज तिथल्या जुन्या मैदानावर पोलादी काठ्या घेऊनच खेळायला आले. आता युवराजांना बाद कोण करणार? तेव्हा नियमच बदलला! खरेखोटे युवराज जाणोत. १९३१ची अमेरिकन ओपन पोलादी काठ्यांनी जिंकली गेली. १९३६ साली जॉनी फिशरने अमेरिकेची हौशी स्पर्धा हिकरीने जिंकली, तो लाकडाचा शेवटचा मोठा विजय. पोलादामुळे काठ्या इतक्या सहज मिळू लागल्या, की कोणी पंचवीस काठ्या पिशवीत कोंबू लागले. शेवटी १९३८मध्ये अमेरिकेत आणि १९३९मध्ये ब्रिटनमध्ये १४ची मर्यादा घालावी लागली.

भाचा हे सारे उत्साहाने सांगत होता आणि माझे मन मात्र एकाच आकड्यापाशी अडले होते. १९२९! त्या साली ब्रिटनमध्ये पोलादाला परवानगी मिळाली. आणि आजोबांना काठी मिळाली ती १९३०च्या दिवाळीत. मी बोटांवर हिशेब केला. हिशेब काही अवघड नव्हता. साहेबाने विलायतेहून नव्या पोलादी काठ्या मागवल्या असणार आणि घरात झालेल्या अडगळीतली एक आजोबांच्या हातात ठेवली असणार. जो मान म्हणून आम्ही चार पिढ्या मिरवला, ती साहेबाच्या घरची आवराआवर होती! आमच्या सौभाग्यवतीने जो ढीग रचला होता, तसलाच एक ढीग साहेबाच्या मडमेनेही रचला असेल.

मी भाच्याला विचारले, “हिची किंमत तरी काही येईल का?”

तो हसला. “मामा, अशा काठ्या लाखोंनी निघाल्या होत्या. दोन माणसांचं हॉटेलातलं जेवण होईल, एवढे पैसे येतील. ही विकायची वस्तू नाही, खेळायची आहे.”

दुसऱ्या दिवशी तो मला मसलबरोला घेऊन गेला. एडिंबरोच्या पूर्वेला, समुद्राकाठी हे गाव आहे. गोल्फचे मैदान नऊ भोकांचे आणि तेही घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या पोटात! एका वकिलाच्या हिशेबवहीत २ मार्च १६७२ रोजी इथे गोल्फमध्ये हरलेल्या पैशांची नोंद आहे. म्हणजे आपल्याकडे शिवरायांचा राज्याभिषेक व्हायला अजून दोन वर्षे होती, तेव्हा इथे एक वकील पैसे हरून, ते इमानाने वहीत लिहीत होता. १८७४ ते १८८९ या काळात ब्रिटिश ओपन इथे सहा वेळा झाली. पण मला सर्वांत गोड वाटली ती कोळणींची हकिकत. १८१०च्या डिसेंबरात इथल्या क्लबाने ठराव केला की, येत्या नववर्षाच्या दिवशी गावातल्या कोळणींपैकी जी उत्तम गोल्फ खेळेल तिला नवी टोपली आणि शाल बक्षीस द्यावी. पाठीवर मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या त्या बायका पदर खोचून, अर्थात त्यांच्याकडे जे काही खोचायचे असेल ते खोचून, मैदानात उतरल्या असतील, तेव्हा काय बहार आली असेल! बायकांच्या गोल्फ स्पर्धेची हीच सर्वांत जुनी नोंद मानतात.

या मैदानावर आजही जुन्या हिकरीच्या काठ्या भाड्याने मिळतात. हिकरीने खेळणाऱ्यांची जागतिक स्पर्धा २००५ साली पहिल्यांदा भरली तीही इथेच. हे लोक जुन्या धाटणीचा पोशाख करतात, गळ्यात टाय, गुडघ्याखाली लांब मोजे. मला आधी वाटले, नाटकमंडळीच आली आहेत! पण खेळ पाहिल्यावर ते हसू मावळले.

कारण ही काठी घाई खपवून घेत नाही. पोलादी दांडा तुमचा उतावीळपणा पोटात घालतो. हिकरीचा दांडा टोला हाणताना नुसता वाकत नाही, पिळलाही जातो. हात पुढे धावले आणि पाते मागे राहिले, की चेंडू उजवीकडे झुडपात. तिथल्या एका वृद्ध खेळाडूने मला हे समजावले. काठी मागे नेल्यावर वर क्षणभर थांबायचे, पाते आपल्या मागोमाग येईपर्यंत दम धरायचा. मला लगेच आमच्या आजोळचा झोपाळा आठवला. झोका परत येण्याआधीच पाय मारला तर झोपाळा हिसका देतो. झोका परत आल्यावर पाय लावला, तर एका बोटाच्या जोरावर आभाळाला टेकतो. मी म्हाताऱ्याला हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. त्याने गंभीरपणे मान डोलावली.

मग मी आजोबांची मॅशी हाती घेतली. पहिल्या टोल्याला चेंडू जागच्या जागी राहिला आणि हिरवळीचा गोळा उडाला. दुसऱ्याला चेंडू शर्यतीच्या घोड्यांच्या वाटेवर गेला. तिसऱ्या वेळी मी वर थांबलो. मनात म्हटले, झोका येऊ दे. आणि खटकन् असा काही मऊ आवाज झाला, की हाताला टोला लागल्याचे कळलेसुद्धा नाही. चेंडू सरळ गेला. फार लांब नव्हे, पण सरळ! त्या क्षणी, वाचकहो, साहेबावरचा माझा राग निम्मा उतरला.

त्या वृद्धाने काठी मागून घेतली, दांड्यावरून अंगठा फिरवला आणि तो चकित झाला. एवढी वर्षे मुंबईच्या दमट हवेत राहून हा दांडा वाकला कसा नाही? लाकडाला पाणी लागले की ते फुगते, उन्हात आक्रसते, पाते ढिले होऊन खडखडू लागते. म्हणून हे लोक दांड्याला जवसाचे तेल चोळतात, जिथे तडा जाईल तिथे मेणाचा दोरा आवळून गुंडाळतात. “याला तेल कोण लावत होतं?” त्याने विचारले. मला काही सांगता येईना.

परत आल्यावर मोठा प्रश्न पडला. आईला हे सांगावे का? आई आता ८७ वर्षांची. १९५७ साली ती या घरात सून म्हणून आली. त्या काठीवर तिच्याइतका हात कोणाचाच फिरलेला नाही. सासऱ्यांचा मान म्हणून तिने ती काठी जन्मभर सांभाळली. आता तिला या वयात सांगायचे की, तो मान नव्हताच? चार दिवस मी गप्प होतो. पाचव्या दिवशी तिनेच विचारले, “काठी कशी आहे?” मग मात्र मला राहवले नाही. १९२९चा नियम, पोलादी दांडे, साहेबाची अडगळ, सगळे सांगून टाकले.

आई शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला नाही.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली.

“तुला? कसं?”

“मामंजींनीच सांगितलं होतं. मी नवी नवरी. दांडी उंच, माझा हात पुरेना, आणि ती काठी भिंतीवर खुंटीला टांगलेली. साहेबाची म्हणून हात लावायची भीती. मामंजींनी पाहिलं. उठले, काठी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘घे, सूनबाई. हापिसात दर दिवाळीला एक महिन्याचा पगार वर मिळायचा. त्या साली मंदी म्हणून तो बंद केला आणि ही हातात दिली. साहेबाच्या खोलीत कोपऱ्यात लोखंडी दांड्यांच्या नव्या काठ्या उभ्या होत्या, त्या मी पाहिल्या होत्या. पण घरी चार पोरं वाट पाहत होती. दिवाळीच्या दिवशी त्यांना काय सांगायचं? म्हणून सांगितलं, साहेबानं खूश होऊन दिली. तेव्हापासून भिंतीवर टांगून ठेवावी लागली. आता पोरं मोठी झाली. निदान घरातल्या लक्ष्मीच्या कामाला तरी येऊ दे.’”

मी काहीच बोललो नाही. शेंगांची टरफले तेवढी वाजत होती.

“मग आम्हांला इतकी वर्षं ती कथा का सांगितलीस?”

“त्यांनी पोरांना सांगितली, मी माझ्या पोरांना सांगितली. त्यात खोटं काय आहे? मान साहेबानं दिला नाही, हे खरं. पण मान होता की नाही घरात?”

थोड्या वेळाने मी विचारले, “दांड्याला तेल तूच लावत होतीस?”

“दर नरकचतुर्दशीला. तुम्हां सगळ्यांची अंगं चोळून झाली की वाटीत तेल उरायचं. टाकायचं कशाला? काठीला लावायचे. घरातलीच होती ती.”

रात्री भाच्याचा फोन आला. काठी परत पाठवू का, असे आजीला विचारायला त्याने सांगितले. आईने फोन माझ्या हातातून घेतला.

“राहू दे तुझ्याकडं. नव्या घरात दांडी नाही म्हणतात. पण एक लक्षात ठेव. दिवाळीच्या पहाटे तुझी आंघोळ झाली की तिलाही तेल लाव. आणि तुझ्या पोरांनी विचारलं, ही कोणाची काठी, तर साहेबाची म्हणून सांगू नकोस. पणजोबांची म्हणून सांग.”